तुमचं काय गेलंय हितं?

रविवारी डिकसळला जुना रेल्वेचा पूल बघून आले, तेव्हापासून एकच वाक्य डोक्यातनं जात नाहीये. आज गुरुवार. भाकरी थापताना, बँकेत पासबुक भरून घेताना, कुठंही मध्येच ते येतं आणि हात थांबतो. लिहिलं तर जरा मोकळं वाटेल, म्हणून लिहिते.

जायचं जायचं म्हणून वर्ष गेलं होतं. ह्या वेळी सुमीनं गाडी काढली आणि म्हणाली, आता बस, अजून किती दिवस नुसतं बोलणार. भिगवणला चहा घेतला आणि आत वळलो.

पूल माझ्या मनात होता तेवढा मोठा नाहीये. अण्णा रेल्वेत होते, त्यांच्या बोलण्यातनं मी तो फार उंच करून ठेवला होता. प्रत्यक्षात बुटका, अरुंद, दगडी, आणि उजनी धरणाचं पाणी असं अंगाला लागलेलं की पूल नदीवर बांधलाय का नदीतच उभा आहे कळू नये. रूळ कधीच निघाले, आता वरनं रस्ता आहे. ह्या काठाला पुणे जिल्हा, पलीकडं आपला करमाळा. कडेचे दगड काही ठिकाणी निसटलेत, जड गाड्या बंद केल्यात. मी चपला काढून थोडं चालले. का काढल्या माहीत नाही. सुमी काही बोलली नाही हे बरं झालं.

मुंबई-ठाणे गाडी १८५३ ची हे सगळ्यांना पाठ असतं, पण १८५८ मध्ये पुण्याहून गाडी इथपर्यंत, डिकसळपर्यंत आली होती, १८५९ ला कुर्डुवाडी (तेव्हाचं बार्शी रोड) आणि १८६० ला सोलापूर. आणि बोरघाटातली लाईन पुरी व्हायला १८६३ उजाडलं! म्हणजे मुंबईहून निघालेल्या माणसाला घाट चढायला पालखी नाहीतर बैलगाडी, आणि इकडं आपल्या सोलापुरात मात्र इंजिनाची शिट्टी आधीच वाजलेली. हे अण्णा दर वेळी सांगायचे आणि दर वेळी नवीन असल्यासारखं सांगायचे. १८७१ ला रायचूरला तिकडनं मद्रासची लाईन येऊन मिळाली, मग मद्रासला जाणारी गाडी ह्याच पुलावरनं. हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्याला जाताना जिंती रोड गेलं की ते खिडकीला बोट लावायचे, "जुनी लाईन तिकडं, पाण्यात." मी मोबाईलमधनं मान न काढता हं म्हणायचे. किती वेळा म्हणाले असतील. वीस वेळा तरी.

जाऊ दे.

तर पुलावर उभी होते तेव्हा खाली एक आजोबा जाळं सोडवत बसले होते, शेजारच्या टोपलीत चिलापी. बराच वेळ माझ्याकडं बघत होते. मग वर बघून म्हणाले, "कुठलं म्हनायचं ताई?" म्हटलं सोलापूर. तर लगेच, "तुमचं काय गेलंय हितं?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं की इथं येऊन पाण्याकडं बघत उभी राहणारी माणसं बहुतेक तीच असतात, ज्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली आहे. मी म्हटलं, "काही नाही हो, पूल बघायला आलोय."

ते बरं म्हणाले आणि जाळ्यात मान घातली. राग नाही, काही नाही. पण मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही नाही? मग डोळ्यात पाणी का होतं माझ्या? आणि काही गेलंय म्हणावं तर काय सांगणार होते मी त्यांना, ज्यांचं सगळं गाव गेलं?

नंतर मीच खाली उतरले. त्यांनी हात करून दाखवलं, त्या बाभळीच्या पल्याड आमची हीर. घर नाही दाखवलं, विहीर दाखवली. म्हणाले, उन्हाळ्यात सुदीक तीन परस पाणी असायचं, आता हीरच पाण्यात. धरण १९८० ला झालं तेव्हा ते पंचविशीत असतील. पाणी वर येणार म्हणून रेल्वेनं आपली लाईन उचलून दुसरीकडनं नेली. पूल राहिला. विहीर कोण उचलणार.

येताना गाडीत मी सुमीशी बोललेच नाही. सगळं उलटंसुलटं डोक्यात, की अण्णांनी आपल्याला हे आणून का दाखवलं नाही, मग आपणच कधी चला म्हटलं नाही, मग आता कुणाला म्हणायचं. टेंभुर्णीपर्यंत मी स्वतःची कीव करत होते हे खरं आहे. कुर्डुवाडीचा फाटा आला तेव्हा तर नकोच झालं.

भाऊचा फोन पण त्याच दिवशी यायचा होता. त्याचं म्हणणं, अण्णांचा पाना म्युझियमला देऊ. नागपूरला मोतीबागेत छोट्या गाडीचं म्युझियम आहे, २००२ पासूनचं, तिथं आम्ही अण्णांना नेलं होतं. तिथली लहान लहान इंजिनं बघून ते खूश होतील असं आम्हाला वाटलेलं. ते एका इंजिनाच्या चाकाला हात लावून नुसते उभे राहिले आणि म्हणाले, चला. बार्शी लाईट रेल्वेवर आयुष्य गेलं त्यांचं. बार्शीला मोठ्या लाईनीनं वीसेक मैलांवर टाकलं म्हणून कॅलथ्रॉप साहेबानं १८९७ ला अडीच फुटी रूळ टाकून कुर्डुवाडीहून बार्शीला गाडी नेली, आणि ती वाढत वाढत एकीकडं लातूर, एकीकडं पंढरपूर, मिरज, सगळी मिळून ३२५ किलोमीटर. १९५४ ला सरकारनं घेतली. आता सगळी ब्रॉडगेज. पाण्यात नाही गेली, पण गेलीच की. हे त्या आजोबांना सांगता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही.

पाना मात्र घरात आहे. त्यावर बी.एल.आर. कोरलेलं आहे, बोटानं लागतं. रेल्वेच्या कारखान्यात अण्णांना तो कुणा जुन्या फिटरनं निवृत्त होताना दिला होता.

आणि काल रात्री झालं ते असं. पाणी यायचा दिवस होता, पाचव्या दिवशी आलं, पहाटे पावणेतीनला. उठले, बादल्या लावल्या, टाकीचा व्हॉल्व्ह नेहमीसारखा अडकला म्हणून पाना घेतला. अण्णा असताना ते उघडायचे, आता मी उघडते. जोर लावला, सुटला, आणि पाणी धो धो आलं, आणि मी तशीच पाना हातात धरून उभी. हे पाणी उजनीचं. पाइपलाइननं शंभर किलोमीटरवरनं येतं, सगळ्या सोलापूरला माहीत आहे, मला पण माहीत होतं, शाळेपासून. पण त्या बाभळीच्या पल्याडचं, त्या विहिरीवरचं पाणी म्हणून कधी बघितलं नव्हतं.

माझं काय गेलंय तिथं हा प्रश्न चार दिवस उगाळला. माझ्याकडं तिथनं काय येतं हे कुणी विचारलं नव्हतं आणि मीही नाही.

हंडा भरून वाहायला लागला तेव्हा भानावर आले. टाकी भरायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्यात चहा केला, ओट्याशी उभी राहून प्यायले. वाईट वाटत होतं पण रविवारसारखं नाही. रविवारी नुसतं माझंच होतं ते.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की पुन्हा जायचंय. विहिरीचा कठडा दिसतो म्हणाले, मे महिन्यात. सुमीला विचारलं, ती हो म्हणाली. ह्या वेळी रेल्वेनं जाऊ म्हटलं, भिगवणला उतरून रिक्षा करू, जिंती रोडनंतर खिडकीशी बसायचंय मला.

भाऊला सकाळी मेसेज टाकला, पाना आत्ता देता येणार नाही, व्हॉल्व्ह त्यानंच उघडतो.