मिनेसोटातील दोन स्थलांतरे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील स्वीडिश वंशाचे लोक सुस्थितीत आहेत आणि सोमाली कुटुंबांपैकी बरीच दारिद्र्यरेषेच्या आसपास जगतात, एवढ्यावरून दोन समाजांच्या कर्तबगारीचा निवाडा करणे मला उतावीळपणाचे वाटते. १८६७-६९ च्या दुष्काळानंतर स्वीडनमधून आलेल्या शेतकऱ्यांना १८६२ च्या होमस्टेड कायद्यान्वये किरकोळ शुल्कात आणि पाच वर्षे जमीन कसण्याच्या अटीवर १६० एकरांपर्यंत जमीन मिळू शकत होती. यातील बरीच जमीन डकोटा या मूळनिवासी लोकांकडून घेतलेली होती, हे सहसा सांगितले जात नाही. तिच्या वाढत्या किमतीचा लाभ पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळाला.

सगळेच काही शेतकरी झाले नाहीत. सेंट पॉलमधील स्वीड हॉलो या घळीतल्या झोपड्यांत अनेक स्वीडिश कुटुंबांनी हलाखीत दिवस काढले.

१९९१ नंतर यादवी युद्धातून निसटलेले सोमाली लोक आले, तेव्हा फुकट जमीन संपलेली होती. इंग्रजीचा अडसर, मायदेशातील पदव्यांना नसलेली मान्यता, मोठी कुटुंबे, वर्णभेद आणि नातेवाइकांना नियमित पाठवावे लागणारे पैसे, अशा परिस्थितीत अनेकांनी मांसप्रक्रिया कारखान्यांत किंवा टॅक्सी चालवून सुरुवात केली. व्याज निषिद्ध मानणाऱ्यांना तर नेहमीचे गृहकर्जही घेता येत नाही. तरीही मिनियापोलिसच्या सीडर-रिव्हरसाइडमध्ये, जिथे पूर्वी स्कँडिनेव्हियन मजूर राहत, आज सोमाली दुकाने आहेत. तुलना करायचीच, तर ती स्वीडिशांच्या पणतवंडांशी नव्हे, पहिल्या पिढीशी करावी.