नव्या घराची वही : पहिले साठ दिवस

मंडळी, भाड्याच्या घरात दिवे बदलण्यापलीकडे माझी मजल गेली नव्हती. आता घर स्वतःचं आहे, हातात टॉर्च आहे आणि विचारणारं कोणी नाही. ही त्या वहीतली निवडक पानं. चुका गाळलेल्या नाहीत.

दिवस 3
सामान अजून खोक्यांत आहे. तरी आज एकच काम केलं, पाणी आणि वीज कुठे थांबते ते शोधलं. मुख्य कॉक सिंकखालच्या कपाटात, मागच्या भिंतीला चिकटून निघाला. चाकाचा, जुन्या पद्धतीचा. फिरवायला गेले तर हलेना. जोर लावायचा मोह झाला, पण दांडी तुटली असती तर माझ्या गृहप्रवेशाला पूरच आला असता. थोडं तेल, अर्ध्या तासाची विश्रांती, मग मागे-पुढे जरा जरा करत सुटला. असे कॉक वर्षानुवर्षं हलवले नाहीत की क्षार बसून जाम होतात. आता दर दोन महिन्यांनी एकदा बंद-चालू करणार. पूर्ण उघडल्यावर किंचित मागे घेतला, म्हणजे तो उघड्या टोकाला घट्ट अडकून बसत नाही.

डीबीत, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीत, नऊ एमसीबी (आपोआप पडणारे खटके) आहेत आणि लेबलं तीन. त्यांतलंही एक चुकीचं. एकेक पाडत घरभर फिरले. आठ ओळखल्या. सात नंबरची पाडली तर काहीच बंद पडत नाही.

दिवस 5
डीबीतल्या आरसीसीबीचं, म्हणजे शॉकपासून वाचवणाऱ्या खटक्याचं, टेस्ट बटण दाबलं. खटका पडला नाही! पुन्हा दाबलं, तरी ढिम्म.

नव्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण हा घोळ मीही घालत होते. एमसीबी वायरला जपते. भार वाढला किंवा शॉर्ट झाला की पडते. अंगातून वीज वाहू लागली तर तिला पत्ताही लागत नाही, कारण तो प्रवाह तिच्या हिशेबी अगदीच किरकोळ असतो. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह ताडून बघते. 30 मिलिअँपिअरची असेल तर तेवढी तफावत दिसायच्या आत ती पडायला हवी. टेस्ट बटण आतल्या आत हीच तफावत मुद्दाम तयार करतं. त्यामुळे बटण दाबून पडली म्हणजे यंत्रणा जिवंत आहे, इतकंच कळतं. अर्थिंग ठीक आहे की नाही ते त्यातून कळत नाही, ते वेगळं मोजावं लागतं.

माझी तर पडलीच नाही. हे काम वायरमनचं. मुख्य पुरवठा बंद करून त्याने नवी बसवली, अर्थिंगही मोजून घेतलं. मी शेजारी उभी राहून प्रश्न विचारत होते, त्याने ते सोसले.

दिवस 11
झोपायच्या खोलीत, बाथरूमला पाठ लागलेल्या भिंतीवर ओल. जमिनीपासून वीतभर उंच, रंगाचे पोपडे, कडेला पांढरा खार. पहिला विचार अर्थातच ‘भिंतीतला पाइप गळतोय, फोडा’. शेजारच्या ताई म्हणाल्या, ‘अगं, वरून वॉटरप्रूफ रंग मार, जाईल.’ फोडायचंही नाही, रंगही नाही असं ठरवलं. पेन्सिलीने डागाची कड आखली आणि बाजूला तारीख लिहिली.

दिवस 12
रात्री सगळे नळ बंद करून मीटरचा फोटो काढला. मीटरवरचं छोटं चांदणीसारखं चक्र हळूहळू फिरतंय! म्हणजे कुठेतरी पाणी जातंय. मीटरनंतर गच्चीवर टाकी असेल तर ही चाचणी फसते. तिथे टाकीत येणारं पाणी बंद करून पातळीची खूण बघावी.

मग एकेक अँगल कॉक (प्रत्येक जोडणीवरचा भिंतीतला छोटा कॉक) बंद करत गेले. फ्लश टँकचा बंद केला आणि चक्र थांबलं. टँकमध्ये खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकून अर्धा तास फ्लशला हात लावला नाही. भांड्यात रंग उतरला. तळाचा वॉशर कडक होऊन वाकडा झाला होता. बदलायला दहा मिनिटं लागली, मापाचा वॉशर शोधायला दोन दिवस. जुना सोबत घेऊन जा, एवढंच सांगते.

खूश होऊन झोपले. सकाळी मीटर जागचं हललेलं नव्हतं. डाग मात्र होता तिथेच. एक गळती सापडली, पण ती आरोपी नव्हती.

दिवस 15
डागावर प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारही बाजूंनी टेपने हवाबंद चिकटवून दोन दिवस ठेवला होता. खोलीच्या बाजूने दव धरलं तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमते आहे. भिंतीच्या बाजूने धरलं तर पाणी आतून येतंय. माझं आतून.

दिवस 20 ते 28
बाहेरगावी. मीटरने नळाच्या लायनी निर्दोष ठरवल्या होत्याच, म्हणून मुख्य कॉक बिनधास्त बंद करून गेले. परतले तर डाग पेन्सिलीच्या रेघेच्या आत दोन बोटं सरकलेला. बाथरूम वापरात नसलं की डाग आक्रसतो. म्हणजे दोष निचऱ्यात किंवा फरशीत.

दिवस 33
या भागाची खरी मजा इथे. दोन दिवस आंघोळ दुसऱ्या बाथरूममध्ये, आणि इथे नळीने थेट जाळीच्या आत बादल्याच्या बादल्या पाणी सोडलं, फरशी कोरडी ठेवून. डाग हलला नाही, म्हणजे निचऱ्याचा पाइप निर्दोष सुटला. मग जाळी कापडाने घट्ट बंद करून फरशीवर दोन बोटं पाणी साठवलं. दुसऱ्या संध्याकाळी डाग रेघेच्या बाहेर.

टॉर्च तिरपा धरून पाहिलं तर भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यातल्या ग्राउटमध्ये (सांध्यात भरलेल्या सिमेंटसारख्या लेपात) केसाएवढी फट, जवळजवळ हातभर लांब. भिंत आणि फरशी तापून-थंडावून वेगवेगळी हलतात. ग्राउट कडक, त्याला ताणता येत नाही, म्हणून कोपऱ्यात ते फुटतंच. तिथे लवचिक सिलिकॉन हवं. ही चूक घर बांधणाऱ्याची. निस्तरायची मात्र मी.

दिवस 38
चार दिवस कोपरा वाळवला. ओल्यावर सिलिकॉन धरत नाही. जुनं ग्राउट कोरून काढलं, स्पिरिटने पुसलं, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावली. भरून झाल्यावर साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एका दमात फिरवलं आणि टेप ओल्यातच काढली. सुकल्यावर काढली की कड फाटते (मागच्या प्रयोगातून शिकलेलं). हा वरचा इलाज आहे, हे मान्य. फरशीखालचा वॉटरप्रूफिंगचा थरच गेला असेल तर पाणी दुसरी वाट शोधेल. ते काम मोठं, आणि मग माझ्या आवाक्याबाहेरचं.

आजच सात नंबरची एमसीबी पाडून ठेवली. जे बंद पडेल ते आपोआप ओरडेल.

दिवस 41
किरकोळ कामांचा दिवस. गिझर तापताना सेफ्टी व्हॉल्वमधून थेंब पडतात, म्हणून मी टोपण बसवणार होते. बरं झालं आधी वाचलं! पाणी तापलं की फुगतं, आणि ते थेंब म्हणजे तो दाब सोडणं. तोंड बंद केलं तर टाकीचा बॉम्ब होतो. गरम होत नसतानाही धार लागली तर मात्र व्हॉल्व किंवा पाण्याचा दाब तपासायचा.

2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर जवळजवळ 9 अँपिअर ओढतो. मी तो 6 अँपिअरच्या एक्स्टेंशनवर चालवत होते. प्लगची एक पिन काळी पडलेली सापडली. दोन्ही बाद.

छतावरच्या धुराच्या अलार्मचं बटण दाबलं की वाजतो, छान. पण मागे छापलेली निर्मितीची तारीख दहा वर्षांपलीकडची. आतला सेन्सर म्हातारा होतो, बटणाला ते कळत नाही. नवा लावला. शिडी लावताना चार हात उंचीला पाया एक हात बाहेर.

दिवस 59
कोपऱ्यात पुन्हा पाणी साठवून पाहिलं. डाग वाढला नाही. रेघेच्या आत आता तीन बोटं. भिंत वाळायला इंचाला महिना असा जुना ठोकताळा आहे, तेव्हा पुट्टी आणि रंग अजून बरेच महिने नाही. खार मात्र कोरड्या ब्रशने झाडत राहते. पाण्याने पुसला तर तो विरघळून परत आत जातो.

दिवस 60
दारावर जोरजोरात थापा. ताई होत्या, चांगल्याच वैतागलेल्या. ‘तीन वेळा येऊन गेले, बेल वाजवून वाजवून बोट दुखलं!’

सात नंबर : दाराची बेल. लेबल लावलं.