संत्र्याच्या सालीचे स्कोन, अमळनेरच्या उन्हाळ्यात

मागच्या वर्षी पुण्याला बहिणीकडे गेले होते, तेव्हा तिने एका बेकरीतला संत्र्याचा स्कोन खायला घातला. स्कोन म्हणजे भट्टीत भाजलेला, बिस्किट आणि पाव यांच्या मधला पदार्थ. वरून खरबरीत, हाताने मोडला की थर सुटणारा, आणि मोडल्याबरोबर संत्रं सोलताना येतो तसा वास. गोडी अगदी बेताची. नानकटाई मला मनापासून आवडते, पण हे काहीतरी वेगळं होतं. परतीच्या प्रवासात डोक्यात तेच. घरी ओटीजी, म्हणजे विजेची छोटी भट्टी होती, मागच्या दारी कागदी लिंबाचं झाड होतं. करून बघायचं ठरवलं.

घरी पोहोचले तो आखाजीचा आठवडा. खान्देशात आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा माहेरवाशिणींचा सण. दोघी नणंदा आलेल्या आणि घरात मांड्यांचा घाट. ज्यांनी मांडे होताना पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगते. कणीक मळायची, आपटायची, पुन्हा मळायची, ताणली तरी तुटणार नाही इतकी. मग पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवत फिरवत पार कोपरापर्यंत मोठा करायचा आणि चुलीवरच्या पालथ्या खापरावर टाकायचा. सासूबाईंचे मांडे बघायला शेजारच्या बायका येतात. लग्नाला अठरा वर्षं झाली, आता मलाही बऱ्यापैकी जमतात.

सण आटोपल्यावर चौथ्या दिवशी, दुपारी चारला, मी स्कोनला बसले. बाहेर ४४ डिग्री. पाव किलो मैदा, बटर, साखर, बेकिंग पावडर, दूध, चार लिंबांचा रस आणि साल. हात अजून मांड्यांचेच होते, त्यामुळे पीठ लोण्यासारखं मऊ होईपर्यंत मळलं. भट्टीतून निघाल्या त्या चपट्या, तेलकट, दाताला न तुटणाऱ्या टिकल्या, आणि जिभेवर मागे राहणारा कडवटपणा. घरातल्यांनी चहात बुडवून संपवल्या. मला मात्र रात्री झोप लागली नाही. चांगलं बटर आणि झाडाची लिंबं वाया गेली याचं वाईट वाटत होतं.

कुठे चुकलं हे समजायला दोन महिने गेले.

मळणं हा आपल्या हाताला लागलेला गुण आहे. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळत गेलं की ग्लुटेनची जाळी तयार होते. मांडा कोपरापर्यंत ताणला जातो तो त्या जाळीच्या जोरावरच. स्कोनला ती जाळी नको असते. पीठ जेमतेम एकत्र आलं की हात काढून घ्यायचा, कुठे कुठे कोरडा मैदा दिसत असला तरी. हे सांगायला सोपं आहे. हातांना ते शिकवायला मला पाच-सहा घाणे लागले. शेवटी ओलं घातल्यावर परातीत हात घालणंच बंद केलं, सुरीने कालवायला लागले, तेव्हा जमलं.

दुसरी गोष्ट मोहनाची. मैद्यात बटर चोळायचं हे वाचल्यावर मला वाटलं, हे तर आपलं मोहनच. शंकरपाळ्यांना घालतो, बट्टीच्या (वरणाबरोबर खातो त्या कणकेच्या गोळ्यांच्या) पिठाला घालतो, मुटका वळला की पुरे. तसं ते आहेही. पण आपण मोहन कडकडीत घालतो, ते पिठाच्या कणाकणाला लागतं आणि पदार्थ खुसखुशीत होतो. स्कोनला मोहन लागतं थंडगार. बटरचे ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे पिठात तसेच राहायला हवेत. भट्टीच्या आचेला ते वितळतात, त्यातल्या पाण्याची वाफ होते, ती पीठ वर उचलते आणि तिथे थर पडतो. बटर वितळतं साधारण ३२ ते ३५ डिग्रीला. माझ्या स्वयंपाकघरात त्या दुपारी यापेक्षा जास्त उकाडा होता. मैद्याचा स्टीलचा डबा हाताला गरम लागत होता, हे मला नंतर आठवलं. म्हणजे भट्टीत जायच्या आधीच बटरचं तेल झालं होतं.

अमळनेर हे वनस्पती तुपाचं गाव. विप्रो कंपनीची सुरुवात १९४५ साली इथेच झाली, वनस्पती तुपाच्या कारखान्याने. त्यामुळे बटरऐवजी डालडा घाल, असं मला तिघीजणींनी सांगितलं. ते लोण्यापेक्षा उशिरा वितळतं हे खरं, आणि त्याचे स्कोन फुललेही बरे. पण ते टाळूला चिकटतं आणि सालीचा वास दबतो. ज्या वासासाठी हा खटाटोप तोच गेला तर काय उपयोग? मी बटरवरच राहिले. घरचं लोणीही वापरून पाहिलं. त्यात पाणी जास्त असतं, पीठ लगेच चिकट होतं, म्हणून ताक (दुधाऐवजी मी आता तेच घेते) कमी घ्यावं लागतं. चव मात्र फार सुरेख येते.

वाट दाखवली ती सासूबाईंनी. एकदा दुपारी मी बटर घेऊन बसलेली पाहून त्या म्हणाल्या, "लोनी पहाटे काढतस व माय, दुपारले नही." त्यांच्या माहेरी उन्हाळ्यात ताक घुसळायचं ते उजाडायच्या आत, आणि लोण्याचा गोळा माठाच्या पाण्यात सोडायचा. मी तेच केलं. मैदा रात्री डब्यासकट फ्रीजरमध्ये, बटरची कांडीही तिथेच. पहाटे पाचला उठून घमेल्यात माठाचं पाणी ओतलं, त्यात परात ठेवली, गोठलेलं बटर जाड किसणीवर किसून थेट मैद्यात पाडलं आणि बोटांच्या टोकांनी भराभर मिसळलं. तळवा लावायचा नाही, तळवा गरम असतो. त्या दिवशी पहिल्यांदा स्कोन उंच झाले. भट्टीच्या काचेतून मी त्यांना वर येताना पाहिलं.

भट्टीचं थोडक्यात. काट्यावर २०० लावलं तरी आतमध्ये १७५ च असायचं, हे वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर कळलं. स्कोनला २२० डिग्री लागतं, बारा ते चौदा मिनिटं. आधी वीस मिनिटं भट्टी तापवून घ्यायची. इन्व्हर्टरवर ओटीजी चालत नाही, तेव्हा लाईट जायच्या वेळा बघून ठेवायच्या.

आता सालीकडे येते, कारण खरा स्कोन सालीत आहे. रसाने आंबटपणा येतो, वास येत नाही. वासाचं तेल सालीच्या रंगीत पापुद्र्यात असतं. संत्र्याची साल ज्योतीजवळ दाबली तर ठिणग्या उडतात, ते हेच तेल. त्याच्या खालचा पांढरा भाग कडू. पहिल्या वेळी मी लिंबं पार पांढरं लागेपर्यंत किसली होती, तो कडवटपणा तिथून आला. शिवाय रस दुधात घातल्याने दूध फाटलं होतं. आता दूध घेतच नाही, ताक घेते. आंबट ताकाबरोबर पाव चमचा खायचा सोडा घातला की स्कोन हलका होतो.

कागदी लिंबाची साल पातळ असते. किसणीवरून एकदाच, हलक्या हाताने ओढायचं आणि लिंबू फिरवायचं. एका घाण्याला पाच-सहा लिंबं लागतात. मोसंबीची साल मला फिकी वाटली. सगळ्यात सरस नागपुरी संत्रं. पण त्याची साल आतल्या फोडींपासून सुटलेली असते, किसताना ती दबते आणि किसणीखाली फाटते. त्यावर उपाय म्हणजे अख्खं संत्रं अर्धा-पाऊण तास फ्रीजरमध्ये ठेवायचं. कडक झालं की साल सुरेख निघते. मग ती साखरेत घालून बोटांनी चोळायची. दोन-तीन मिनिटांत साखर ओलसर होते, केशरी होते, आणि वास बाहेरच्या खोलीपर्यंत जातो. डिसेंबरात, आमच्याकडे थंडीचा कडाका असताना, सकाळी ही साखर चोळत बसणं हा माझा वर्षातला सगळ्यात आवडता उद्योग झाला आहे.

माझं प्रमाण असं बसलं आहे: मैदा २५० ग्रॅम, बटर ६५, साखर ४५, दोन संत्र्यांची साल, बेकिंग पावडर दोन चहाचे चमचे, सोडा पाव चमचा, चिमूटभर मीठ (बटर मिठाचं असेल तर तेही नको), आणि थंड ताक १२० मिली, ज्यात अर्ध्या लिंबाचा रस. पीठ ओट्यावर थापून इंचभर जाड ठेवायचं. वाटीने गोल कापायला गेलं तर बोथट काठाने कडा दबतात आणि स्कोन फुगत नाही. मी थापलेल्या चकतीचे धारदार सुरीने आठ त्रिकोण करते, सरळ खाली दाबून. स्कोन मुळात स्कॉटलंडचा. तिकडे पूर्वी ओटच्या पिठाची जाड भाकरी तव्यावर भाजून तिचे चार तुकडे करत. बेकिंग पावडर १८४३ मध्ये इंग्लंडात आल्फ्रेड बर्डने तयार केली आणि पुढे स्कोन असे फुगायला लागले. तव्यावरची भाकरी म्हटल्यावर सासूबाईंना हा पदार्थ एकदम घरचा वाटला. पहिला नीट फुललेला स्कोन हातात घेऊन त्या म्हणाल्या होत्या, "हाई ते बट्टीच शे."

यंदा आखाजीला नणंदा आल्या तेव्हा बाजारात चांगलं संत्रं नव्हतं. पण डिसेंबरात चोळलेली साखर मी काचेच्या डबीत घालून फ्रीजरमध्ये ठेवली होती. मांड्यांच्या दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला डबी उघडली. वास तसाच होता. इंग्लंडात स्कोनबरोबर घट्ट साय आणि जॅम देतात. आम्ही रात्रीच्या दुधाची साय घेतली. धाकट्या नणंदेने आमरसात बुडवून पाहिला, पण आंब्यापुढे संत्र्याचं काही चालेना, मग तीही सायीवर आली. आठ स्कोन साडेसहाच्या आत संपले. सासूबाईंनी आपला अर्धा दुपारच्या चहासाठी बाजूला ठेवला.

डबीत अजून दोन घाण्यांपुरती साखर आहे.