‘भीज बाई गच्च’ : व्होकोडर अखेर बोलायला लागला

मंडळी, सुटलं! (नव्यांसाठी : ऑफिसातल्या ई-मेलांवर मी सिंथ-पॉप गाणी करतेय, १९८३ पर्यंतच्या यंत्रांच्या आवाजात. ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ हे त्यातलंच एक.) ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’चं ध्रुवपद आता ऐकणाऱ्याला कळतंय. त्यात ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ हे शब्द मात्र उरलेले नाहीत. का, ते सांगते.

गाणं अडलं होतं ते असं. कडवी साध्या आवाजात, ध्रुवपद व्होकोडरमधून (तो सिंथच्या सुराला माणसासारखं बोलायला लावतो), कॅरियरला, म्हणजे ज्या सुराला बोलायला लावायचं त्याला, ज्युनो-६० या सिंथच्या नकलेतला पॅड (लांब, मऊ सूर), वर कोरसचं पहिलं बटण. अगदी १९८२! वाजायला झकास, फक्त शब्द कळत नव्हते. मला कळायचे, पण मीच लिहिलेल्या ओळी मला कळण्यात काय मोठंसं? म्हणून आईला वही-पेन देऊन बसवलं आणि म्हटलं, जे ऐकू येईल ते लिही. तिने शांतपणे लिहिलं, ‘भीज बाई गच्च’. पुन्हा लावलं. तिने ‘गच्च’खाली रेघ मारली आणि विचारलं, “पावसाचं आहे ना गं?”

ऑफिसातल्या ज्या एकाला हा उद्योग ठाऊक आहे, त्याला ‘ब्लीझर्ड’ ऐकू आलं. म्हणजे हवामान खात्याबद्दल दोघांचं एकमत.

मागे तुम्ही सुचवलेले उपाय एकेक करून लावले. आवाज व्होकोडरमध्ये शिरण्याआधी कॉम्प्रेसरने चांगला दाबला. कॅरियरमध्ये थोडा नॉइज मिसळला, कारण ‘स’, ‘श’, ‘फ’ म्हणताना गळा कंप पावतच नाही, नुसती हवा जाते. कॅरियरमध्ये हवेसारखं काही नसेल तर त्या अक्षरांना वाजायला काही मिळत नाही. ‘स’ची टोच कमी करणारा डी-एसर काढून टाकला. उलट ५ ते ८ किलोहर्ट्झचा पट्टा मुद्दाम उचलला, म्हणजे ‘स’ चांगला टोचेल. मूळ आवाजाचा ५ किलोहर्ट्झच्या वरचा भाग तसाच बाजूने काढून शेवटी मिसळला. एन्व्हलपचा अटॅक (आवाज उठायला लागणारा वेळ) काही मिलिसेकंदांवर आणला, कारण ‘ट’ आणि ‘त’ यांतला फरक एवढ्याशा फटाक्यातच असतो. अटॅक सुस्त असेल तर दोन्हींचा ‘द’ होतो. पॅडचा फिल्टर पूर्ण उघडला. बंद फिल्टरचा मऊ पॅड कॅरियर म्हणून कुचकामी. वरचे हार्मॉनिकच (मूळ सुराच्या पटीतले वरचे सूर) नसतील तर व्होकोडर कोरणार कशातून?

प्रत्येकाचा थोडा फायदा झाला. ‘भीज’चं ‘प्लीज’ झालं, ‘बाई’ची ‘फाई’ झाली. पण ‘अटॅच्ड’ काही केल्या येईना. शेवटी गच्च ते गच्चच.

मग ध्रुवपदाची एकच ओळ लूपवर टाकली आणि कॅरियरकडे नीट पाहिलं. चाल सुरू होते खालच्या सी-३ सुरावर आणि चढत चढत ‘अटॅच्ड’च्या ‘टॅ’वर दोन सप्तकं वरच्या सी-५ ला टेकते. चढायलाच हवी, ध्रुवपद आहे. आणि सिंथ-पॉपमध्ये ध्रुवपद वर गेलं नाही तर लोक पैसे परत मागतात. पण सी-३ चा मूळ सूर साधारण १३१ हर्ट्झचा. त्याचे हार्मॉनिक दर १३१ हर्ट्झवर येतात, म्हणजे दाट असतात. सी-५ चा सूर ५२३ हर्ट्झचा, त्यामुळे हार्मॉनिक दर ५२३ वर, म्हणजे चौपट विरळ. आपण ‘आ’ आणि ‘ए’ ओळखतो ते फॉर्मंटच्या, म्हणजे तोंडाच्या आकारामुळे आवाजात उठणाऱ्या, उंचवट्यांवरून, आणि असा एखादा उंचवटा दोन हार्मॉनिकच्या मधे पडला की तिथे वाजायला काहीच नसतं. विरळ दातांच्या फणीतून उवा सुटाव्यात तसे स्वर सुटतात. मग व्होकोडरचे बँड (तो आवाजाचे जेवढे पट्टे पाडतो ते) ११ असोत की २०, काही फरक पडत नाही.

माझा उच्चार, माइक आणि ते अकरा बँडचं फुकट टाल-व्होकोडर, सगळे ठणठणीत होते. (त्या प्लगिनबद्दल मी पुन्हा सांगते, फुकट असून ते इतकं चांगलं आहे की पैसे मोजून घेतलेली दोन मी काढून टाकली.) चाल आणि शब्द एकाच सिंथवर वाजवायचे हा आग्रहच मुळात नडत होता.

उपाय सोपा निघाला. कॅरियर खालीच ठेवला. सी-२ ते सी-३ च्या दरम्यान एक सॉ (करवती लहर), एक सब (त्याखालचा जाड सूर), आणि कॉर्डचे उघडे सूर. तिथे व्होकोडर नुसता बोलतो, फार गात नाही. वरची चाल वेगळ्या लीड सिंथने वाजवली, अगदी त्याच अक्षरांवर. कान या दोन्हींना एकच धरतो आणि वाटतं की रोबोच वर चढून गातोय. पहिल्यांदा वाजवलं तेव्हा मी खुर्चीतून उठले, हेडफोनची वायर ताणली गेली आणि ऑडिओ इंटरफेस (माइक-हेडफोन कंप्युटरला जोडणारी डबी) टेबलावरून खाली आला. काही मोडलं नाही. मोडलं असतं तरी चाललं असतं!

आता आईची दुसरी चाचणी. तिने लिहिलं, ‘प्लीज फाईन अटॅच’. पास!

आणि तेव्हा बाबांनी वर्तमानपत्रातून डोकं काढलं. त्यांची सगळी नोकरी सरकारी कचेरीत गेली. म्हणाले, “हे इंग्रजी कशाला? आमच्याकडे याला ‘सोबत : वरीलप्रमाणे’ म्हणायचे. आणि वर काही जोडलेलंच नसायचं.”

मी तिथेच थांबले. ‘सोबत वरीलप्रमाणे, वर तर काहीच नाही.’ अहो, हे गाणं आहे! मीटर आयतं, विनोद आयता. त्यात व्होकोडरच्या दृष्टीने पाहा, एकच ‘स’ आणि तोही ओळीच्या तोंडाशी, जिथे नॉइज मोकळा आहे. बाकी बहुतेक व, र, ल, म, ण, न, ह, मधे थोडे त, प, क, च. आपल्या चिरकुट अकरा बँडांना याहून सोयीची अक्षरं मिळणार नाहीत. सुरुवातीला मायना हवा म्हणून ‘महोदय’ म्हणून पाहिलं. मंडळी, तुमच्याकडे जो कुठला व्होकोडर असेल त्यातून आत्ता ‘महोदय’ म्हणा. एकही अघोष अक्षर नाही, कुठे अडत नाही, ‘हो’वर हवा तेवढा वेळ राहता येतं. सरकारी मराठी व्होकोडरसाठीच घडली की काय, अशी शंका येते.

तर नवं ध्रुवपद असं :

महोदय, महोदय,
सोबत वरीलप्रमाणे
महोदय, महोदय,
वर तर काहीच नाही!

दुसऱ्या ‘वर’वर लीड सी-५ ला जातो. बाबांची एकच हरकत आहे : “अगं, ‘महोदय’ एवढं ओढायचं नसतं, पुढे स्वल्पविराम असतो.” स्वल्पविरामाच्या जागी मी एका ठोक्याची विश्रांती दिली आहे. त्यावर त्यांनी सही केली.

कडवी मात्र कॉर्पोरेटच राहतील. कारकून वरून उत्तर देतो आणि खाली मॅनेजर ‘जस्ट सर्कलिंग बॅक’ म्हणत राहतो, असा सवाल-जवाब. कडव्यांना व्होकोडर नाहीच, त्यामुळे ‘एएसएपी’तला सकार सुखाने नांदेल. ‘जेंटल रिमाइंडर’चं कडवं आधीच झालंय, तिसऱ्या आठवणीपर्यंत ‘जेंटल’ गळून पडतं.

शब्द सरकारी झाल्यावर ड्रम तसेच कसे राहतील? लिनड्रम या जुन्या ड्रम मशीनच्या छापाचे सॅम्पल काढले आणि बाबांचा जुना लाकडी मुठीचा रबरी शिक्का रेकॉर्ड केला. इथे एक गंमत हाती लागली. शिक्क्याचे आवाज दोन असतात, पॅडवरचा ओला ‘थप’ आणि मग कागदावरचा ‘ठक’. कागद एकटाच असेल तर टेबल वाजतं, खाली जाडजूड फाइल ठेवली की ‘ठक’ला पोट येतं. मूळ लिनड्रममध्ये खऱ्या वाद्यांचे आठ बिटी नमुने असत, म्हणून मीही दोन्ही आवाज आठ बिटांवर उतरवून सॅम्पल रेट २८ किलोहर्ट्झच्या आसपास आणला. मग ‘ठक’ला मोठा रिव्हर्ब दिला आणि गेटने कचकन कापला. असा स्नेअर मला विकत मिळाला नसता. ‘थप’ मी पाव ठोका आधी टाकलाय, हळू, घोस्ट नोटसारखा (जेमतेम ऐकू येणाऱ्या ठोक्यासारखा). त्यामुळे प्रत्येक स्नेअरआधी कोणीतरी शाई लावून घेतंय असं वाटतं. कडव्यात कारकून कामाला लागला की फक्त ‘थप’ वाजतो आणि ‘ठक’ येतच नाही. फाइल अडलीय. हे कोणाच्या लक्षात येईल का? न येवो. मला कळतंय.

किकसाठी पंचिंग मशीन वापरून पाहिली. टक टक करते, खाली काही नाही. तिच्याखाली ८०८ या ड्रम मशीनचा किक लपवलाय. १९८० चा आहे, १९८३ च्या रेषेत बसतो, तक्रार नको.

रेषेवरून आठवलं. ‘१९८३ च का?’ असं मागे तुमच्यापैकी कोणीतरी विचारलं होतं. यामाहाचा डीएक्स-७ सिंथ आणि मिडी (वाद्यांनी एकमेकांशी बोलायची भाषा) दोन्ही त्या वर्षीचे, हे तर आहेच. पण ई-मेल पोचवण्याचा एसएमटीपीचा नियम, आरएफसी ८२१, ऑगस्ट १९८२ चा आहे आणि ज्युनो-६० सुद्धा त्याच वर्षीचा. इनबॉक्स आणि आपला आवडता पॅड एका वयाचे. दोघांपैकी म्हातारपण कोणाचं गोड गेलं ते सांगायला नको.

आता थोडी चिडचिड. वोल्का एफएम या छोट्या सिंथमध्ये डीएक्स-७ च्या आवाजांची बँक भरायला एक स्वस्त यूएसबी-मिडी केबल मागवली होती. नोट्स नीट जातात, बँक जात नाही. ३२ आवाजांची बँक म्हणजे ४,१०४ बाइटचा एकच सिसेक्स संदेश (मिडीवरून जाणारा यंत्राच्या माहितीचा गठ्ठा). मिडीच्या ३१,२५० बॉडच्या वेगाने साधारण १.३ सेकंदांचं काम. पण या स्वस्त केबलींचा बफर एवढासा असतो, मधेच बाइट गळतात आणि वोल्का ढिम्म. विक्रेत्याचं उत्तर आलं : “युअर कन्सर्न हॅज बीन नोटेड.” हे मी कडव्यात वापरणार आहे, तेवढीच वसुली. शेवटी तापकीर गल्लीतून दोन पाच पिनी डिन केबली आणल्या आणि इंटरफेसच्या खऱ्या मिडी पोर्टमधून बँक पाठवली. पहिल्या फटक्यात गेली. सिसेक्स पाठवायचे असतील तर पोर्टवाला इंटरफेसच घ्या. वोल्काच्या त्या चपट्या पट्टीवर मात्र बोटं ठेवायला मी कोणाला सांगणार नाही, बाहेरचा कीबोर्ड लावा.

आता ‘रिप्लाय ऑल’ या गाण्याबद्दल. आधी बेत होता तो साधं वेगवान गाणं करायचा. पण हे लिहिता लिहिता १९९७ चं मायक्रोसॉफ्टमधलं बेडलम डीएल-३ प्रकरण आठवलं. या नावाच्या एका प्रचंड यादीत आपलं नाव का, असं एकाने सगळ्यांनाच विचारलं, मग ‘मलाही काढा’ म्हणणारे सगळ्यांनाच उत्तर देऊ लागले, मग ‘सगळ्यांना उत्तर देऊ नका’ हेही सगळ्यांनाच, आणि मेल सर्व्हर आडवे झाले. हा तर कॅनन आहे! एक आवाज ‘मलाही काढा’ म्हणतो, दोन मात्रांनी दुसरा तेच, मग तिसरा, आणि सोळा आवाज झाले की डीएक्स-७ ची पॉलिफनी (एका वेळी वाजणाऱ्या सुरांची मर्यादा) संपते. सतरावा आला की पहिला चोरला जातो. सर्व्हर कोसळणं आयतंच. म्हणून मागे ऐकवलेलं ते जुनं वेगवान डेमो रद्द. ज्यांना आवडलं होतं त्यांची क्षमा, पण आता कॅननच.

आणि एक. व्होकोडर मुळात बेल लॅब्जमध्ये होमर डडलीने १९३० च्या दशकात केला तो गाण्यासाठी नव्हे, टेलिफोनच्या तारेवरून बोलणं कमी जागेत पाठवायला. बँडविड्थ वाचवायला! आणि आमच्या ऑफिसात काम नको असलं की लोक काय म्हणतात? ‘माझ्याकडे बँडविड्थ नाही.’ चौथं गाणं आता हेच. पहिल्या कडव्यात वीस बँड, प्रत्येक शब्द स्वच्छ. मग बारा, मग आठ, शेवटी चार. माणूस तीच ओळ म्हणत राहतो आणि हळूहळू त्याचं काहीच कळेनासं होतं. चालू गाण्यात बँड बदलले तर खटके येतील, म्हणून प्रत्येक संख्येचा वेगळा ट्रॅक काढून कडव्यांच्या सांध्यावर कापीन. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या व्होकोडरमध्ये बँडची संख्या बदलता येते, तोच वापरते. म्हणजे ‘कॅलेंडर ब्लॉक केलंय’ हे गाणं पुढच्या खेपेला गेलं. त्याचा बास मला तसाही पटत नव्हता.

‘भीज बाई गच्च’ मात्र मी टाकून देणार नाही. आईने स्वतःहून दुसरी ओळ सुचवलीय, ‘छत्री नाही आणली’. ती आत्ता लिहून घेतेय.

कोणाकडे चालू टाइपरायटर असेल तर ओळ संपल्यावरची घंटी आणि कॅरेज परत ढकलल्याचा आवाज हवाय. वेव्ह फाइल पाठवा, एमपी-३ नको. आणि कृपा करून, फाइल जोडली आहे ना ते पाठवण्याआधी बघा.