दोन गाण्यांची आंघोळ

सोमवार, रात्र. पाऊस थांबायचं नाव नाही.

साडेआठला वॉशिंग मशीन लावलंय. पाऊण तासाचा प्रोग्रॅम आहे. तेवढ्यात कालचं लिहून काढावं म्हणून हेडफोन चढवून बसलेय.

काल चर्चमध्ये शास्त्रवाचन माझ्याकडे होतं. बायबलमधलं रोमकरांस पत्र, आठवा अध्याय. पाळकसाहेबांनी आठवडाभर आधी फोन करून सांगितलं होतं. फोनमध्ये रिमाइंडर होता, पर्समध्ये चिठ्ठी होती, भांडुप ते भायखळा लोकलमध्ये दोनदा वाचूनही झालं होतं. आणि माझं नाव पुकारलं तेव्हा मी पंख्याकडे बघत होते. पंख्याच्या दांडीला एक जळमट लोंबत होतं. पंखा एवढा गरगर फिरतोय आणि ते आपलं जागच्या जागी नुसतं डुलतंय, हे कसं काय, याच्यात मी पार बुडाले होते. नवऱ्याने कोपराने ढोसलं. उठले, पुढे गेले, बायबल उघडलं आणि खणखणीत आवाजात वाचलं. सातवा अध्याय. जे चांगलं करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि करू नये ते मात्र मी करत बसतो, ही ते पत्र लिहिणाऱ्या पौलाची कबुली. पाळकसाहेबांचा संदेश अर्थातच आठव्यावर बेतलेला. ते म्हणाले, "ताईंनी आज आपल्याला एक घर मागे नेलं." मंडळी हसली, मीही हसले. बाकावर येऊन बसले तेव्हा कान तापले होते.

तेरा वर्षांचा लेक कानात पुटपुटला, "आई, तू तुझंच वाचलंस."

त्याला असं बोलायचा हक्क आहे, कारण माझं एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आजाराचं, निदान त्याच्यामुळेच झालं. तो दुसरीत असताना शाळेने त्याला तपासून घ्यायला सांगितलं. डॉक्टरीणबाई त्याच्याबद्दल प्रश्न विचारत होत्या आणि उत्तरं देता देता माझ्या लक्षात यायला लागलं की मी त्याच्याबद्दल बोलतच नाहीये. त्यांच्या ते माझ्याआधीच लक्षात आलं होतं. पुढच्या वेळी त्यांनी माझी शाळेतली प्रगतिपुस्तकं मागवली. मोठ्या माणसाचं निदान करतानाही लक्षणं लहानपणापासून आहेत का, हे बघावं लागतं. पूर्वी ती सातव्या वर्षाआधी दिसायला हवीत असा नियम होता, २०१३ पासून बाराव्या वर्षापर्यंत मुभा आहे. आईने सगळी प्रगतिपुस्तकं ट्रंकेत जपून ठेवली होती. पहिली ते सातवी, बाई बदलल्या, हस्ताक्षर बदललं, शेरा तोच. 'हुशार आहे, पण लक्ष नसते.' वयाच्या छत्तिसाव्या वर्षी कळलं की त्या बायांनी निदान केव्हाच करून ठेवलं होतं, फक्त त्यांना ते तक्रार वाटत होतं.

आजाराचं नाव १९८० साली एडीडी होतं, १९८७ मध्ये त्यात चंचलपणाचा एच घुसला. माझ्यात तो एच बाहेरून दिसत नाही. मी वर्गात टेबलावर चढणारी मुलगी नव्हते, खिडकीबाहेर बघणारी होते. अशा मुलीचा कुणाला त्रास होत नाही, म्हणून तिच्याकडे कुणी बघतही नाही. मराठीत याला अवधानाची कमतरता म्हणतात. अवधान! केवढा भारदस्त शब्द. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाची सुरुवातच त्याने होते: 'तरी अवधान एकलें दीजे, मग सर्व सुखासि पात्र होइजे.' माउलींनी श्रोत्यांकडे दुसरं काही मागितलं नाही, एवढंच मागितलं. नेमकं तेच माझ्याकडे नाही. पैसे मागितले असते तर उसने आणले असते.

(उठून गॅस बघून आले. बंद होता. येताना फ्रीज उघडून उभी राहिले, का ते आठवलं नाही, एक काकडी खाल्ली.)

तर गाणी. मला घड्याळ वाचता येतं, ऐकू येत नाही. दहा मिनिटं म्हणजे किती, हे मला आतून कळतच नाही. गाणं मात्र कळतं. गाण्याला सुरुवात असते, मधला भाग असतो, आता संपत आलं हे हाडांना समजतं. म्हणून आमच्या घरात माझी आंघोळ दोन गाण्यांची, कणीक तीन गाण्यांची, घर ते भांडुप स्टेशन चार गाण्यांचं, पावसात पाच. क्रम ठरलेला आहे आणि तो कुणी हलवायचा नाही. एकदा लेकाने गंमत म्हणून शफल दाबलं. तिसऱ्या गाण्याच्या जागी नववं लागलं आणि मी डोक्यावर शाम्पू घेऊन निवांत उभी. त्या दिवशी ऑफिसला लेटमार्क.

ही गाणी कुठली, तर ख्रिस्ती रॉक. ऑफिसमध्ये सांगितलं की लोकांना वाटतं चर्चमधली ऑर्गनची गाणी. इलेक्ट्रिक गिटार, ढणाढण ड्रम्स आणि गाणारा घसा ताणून प्रभूला हाक मारतोय, हे त्यांच्या डोळ्यांपुढे येत नाही. आमच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांपुढे येतं आणि त्यांना ते आवडत नाही.

मला याची गोडी मामाने लावली. तो जहाजावर होता. मी अकरा-बारा वर्षांची असताना त्याने सिंगापूरहून दोन कॅसेट आणल्या. एक पेट्रा या बँडची 'बियाँड बिलीफ', १९९० ची. पेट्रा म्हणजे ग्रीकमध्ये खडक, रॉक. हा विनोद मला पंधरा वर्षांनी कळला. दुसरी स्ट्रायपरची, १९८६ ची, 'टू हेल विथ द डेव्हिल'. माझी आजी नगरला मिशनच्या शाळेत शिकवून निवृत्त झालेली, तिचं इंग्रजी चोख. भायखळ्याच्या आमच्या दीड खोलीत तिने चष्मा नाकावर सरकवून ते कव्हर वाचलं. हेल. डेव्हिल. मग आतला फोटो बघितला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे घट्ट कपडे आणि खांद्याखाली केस असलेले चार बाप्ये. म्हणाली, "ही माणसं आहेत का गांधीलमाश्या?"

मामाने समजावलं, आई, ते सैतानालाच नरकात जा म्हणतायत. पट्टेसुद्धा बायबलमधलेच आहेत. यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, त्याला बसलेल्या फटक्यांनी आपण बरे झालो. इंग्रजीत फटक्यांच्या वळांना स्ट्राइप्स म्हणतात, त्यावरून बँडचं नाव. कार्यक्रमात हे लोक प्रेक्षकांत बायबलं फेकतात. हे शेवटचं त्याने सांगायला नको होतं. "फेकतात?" आजी म्हणाली. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तिने तिचं निळं शाईपेन काढलं, कव्हरवरच्या इंग्रजी नावावर एक सरळ रेघ मारली आणि खाली शाळामास्तरणीच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'सैताना, चालता हो.' कॅसेट माझ्या हातात दिली. "आता वाजव."

ती कॅसेट अजून आहे. वाजवायला टेपरेकॉर्डर नाही.

आजीची स्वतःची गाणी 'उपासना संगीत'मधली, तपकिरी कागदाचं कव्हर घातलेल्या पुस्तकातली, त्यातही नारायण वामन टिळकांची जास्त. पेटीवर, दुपारी. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईतच झाला आणि पुढे त्यांनी अभंग, ओव्या, कीर्तन अशी आपल्या मातीतली चाल चर्चमध्ये आणली. म्हणजे देवाची गाणी लोकांच्या चालीत गायची, हे काही अमेरिकेतल्या केसाळ पोरांनी शोधून काढलेलं नाही. ख्रिस्ती रॉक गाणाऱ्या अमेरिकन लॅरी नॉर्मनने १९७२ मध्ये गाण्यातूनच विचारलं होतं की सगळं चांगलं संगीत सैतानालाच का म्हणून मिळावं. आजीला हे सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, आमच्या टिळकांनी आधीच विचारलंय.

आणि टिळकांचा विषय निघालाच आहे तर, लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त लिहिलेले टिळक पुन्हा वाचा. न सांगता घरातून निघून जाणारे, हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळे होणारे, क्षणात भडकणारे आणि क्षणात विरघळणारे. मेलेल्या माणसाचं निदान करू नये, तेवढी अक्कल मला आहे. पण मी ते पुस्तक वाचताना लक्ष्मीबाईंच्या जागी माझा नवरा दिसतो.

सर्वांत जास्त वेळा ऐकलेलं गाणं स्विचफूटचं 'डेअर यू टू मूव्ह'. स्विचफूटवाले स्वतःला ख्रिस्ती रॉक म्हणवून घ्यायला फारसे राजी नसतात, पण ते त्यांचं ते बघतील. हे गाणं मी पलंगाच्या कडेला बसून ऐकते. सकाळी टॉवेल खांद्यावर, एक पाय चपलेत, आणि मी बसलेली. उठायचंय हे माहीत आहे. उशीर होतोय हेही माहीत आहे. कंटाळा आलेला नाही, झोप नाही, काही नाही, फक्त डोक्यातून पायांकडे हुकूमच जात नाही. आई याला आळस म्हणायची, आणि बाहेरून ते अगदी आळसासारखंच दिसतं, त्यात तिची चूक नाही. गाण्याची सुरुवात हळू आहे, एकटी गिटार. मग ध्रुपदाला सगळे एकदम येतात आणि तो म्हणतो, हिंमत असेल तर हल. दहातल्या सात वेळा मी हलते. हे गाणं त्यांनी आधी २००० च्या अल्बममध्ये घेतलं होतं, २००३ मध्ये पुन्हा रेकॉर्ड केलं तेव्हा ते लोकांपर्यंत पोचलं. त्या गाण्यालाही दोनदा उठावं लागलंय.

फायली करताना मात्र स्किलेट बँडचा २००६ चा अल्बम, 'कोमाटोज'. व्हायोलिन आणि जड गिटार एकमेकांच्या मागे धावतात. मी विमा क्लेमचं काम करते. हॉस्पिटलची बिलं, तारखा, आकडे. शांत खोलीत मी एका बिलावरून दुसऱ्या बिलावर आणि तिथून डॉक्टरांच्या अक्षरावर आणि तिथून शाळेतल्या कित्त्यावर जाते. कानात हा गोंगाट असला की डोक्यातली जी पोरं सारखी बाहेर पळत असतात, ती तिकडे नाचायला जातात आणि मी मागे कामाला मोकळी. सगळ्यांचं असं होत असेल असं नाही. माझ्या लेकाला पंख्याचा आवाजही चालत नाही.

गोळीचंही तसंच. मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक औषध आहे, मेंदूत डोपामिन जास्त वेळ रेंगाळू देतं, आणि ते घेऊन मी शांत होते. १९४४ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या लिआंद्रो पानिझोन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने ते बनवलं. त्याची बायको रीटा टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची, म्हणून त्याचं नाव रिटालिन. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये येतं. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक दुकानदार ठेवून घेतो, आणि वेगळा परवाना असलेल्या दुकानातच मिळतं. पहिल्यांदा गेले तेव्हा एका दुकानदाराने चिठ्ठी वाचून मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, जणू मी पदराआडून काही काढणार आहे. विसराळू माणसाच्या औषधासाठी एवढं सगळं लक्षात ठेवावं लागतं, हा नियम करणाऱ्याला विनोदाचं अंग असावं.

मला न झेपणारी ख्रिस्ती गाणीही आहेत. हल्लीची ती संथ आराधनेची, एकच ओळ बारा वेळा म्हणायची. सगळे डोळे मिटून हात वर करून उभे असतात. तिसऱ्या खेपेला मी भाजी बाजारात असते, सहाव्या खेपेला मेगाब्लॉक आहे का हे आठवत असते, नवव्या खेपेला अपराधी वाटू लागतं. लहानपणापासून ऐकत आले की देवासमोर शांत बसावं. मी फार प्रयत्न केला. घाटकोपरच्या पुलावर, गर्दीत चेंगरून, कानात ड्रम्स फुटत असताना मला जी प्रार्थना सुचते, ती बाकावर डोळे मिटून कधी सुचलेली नाही. हे मी पाळकसाहेबांना सांगितलेलं नाही. वहीला सांगतेय.

आणि झेपणारं एक गाणं, 'फॉर्टी'. यू टू हा बँड ख्रिस्ती रॉकच्या कपाटात नीट बसत नाही, पण हे गाणं चाळिसाव्या स्तोत्रावरच आहे, धीर धरून परमेश्वराची वाट पाहिली, ते. १९८३ च्या 'वॉर' अल्बमच्या अगदी शेवटी, स्टुडिओची वेळ संपत आलेली असताना त्यांनी हे घाईघाईने उरकलं. बास वाजवणारा स्टुडिओतून निघून गेला होता, म्हणून गिटारवाल्यानेच बास वाजवला. धीर धरण्याचं गाणं, आणि तेही शेवटच्या क्षणी! तिमाहीच्या शेवटच्या दिवशी साठ क्लेम निकाली काढणारी मी, मला हे चार जण सख्ख्या भावांसारखे वाटतात. त्या काळी कार्यक्रमाच्या शेवटी हे गाणं चालू असताना ते एकेक करून स्टेजवरून निघून जायचे आणि लोक गातच राहायचे. मी हे लोकलमध्ये लावत नाही. एकदा लावलं होतं, भांडुप गेलं, मुलुंड गेलं, ठाण्याला उतरले.

मघाशी पाळकसाहेबांचा मेसेज आला. पुढच्या महिन्यात पुन्हा वाचन माझ्याकडे, 'अध्याय कुठलाही चालेल, ताई.' खाली हसरा चेहरा. चाळिसावं स्तोत्रच घेते.

नवऱ्याने आत्ता येऊन एका कानावरचा हेडफोन उचलला. "अगं, ते मशीन कधीचं बोंबलून गप्प झालंय." घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं. कपडे जवळजवळ तीन तास ओल्या बोळ्यासारखे आत पडलेत, या हवेत वास येणारच. पुन्हा धुवावे लागतील, का नुसतेच वाळत घालू? वाळत घालते. तीन गाणी.