रतनवाडीचा पाऊस आणि टार्पची मधली शिवण

जूनअखेरीस भंडारदऱ्याला पाऊस वरून कमी आणि आडवाच जास्त येतो. शेंडीहून रतनवाडीला पोचलो तेव्हा रतनगड ढगात बुडालेला, माथ्यावरचं नेढं, म्हणजे कातळातलं आरपार भोक, दिसायचा तर प्रश्नच नव्हता. अमृतेश्वराचं दर्शन घेतलं, पुष्करणी बघितली आणि जलाशयापासून थोडं वर, झाडांना दोर ताणून दोघांनी आपापले टार्प, म्हणजे छपरासारख्या ताणायच्या हलक्या ताडपत्र्या, बांधले. तंबू मुद्दामच आणले नव्हते. बाहेर पाऊस कोसळत असताना चहा उकळायचा, तर टार्पसारखी जागा नाही.

मित्राचा टार्प नवाकोरा. तासाभरात मधल्या शिवणीखाली थेंब लोंबायला लागले, बाकी कापड मात्र कोरडं ठणठणीत. सिलिकॉन चढवलेल्या नायलॉनचा पन्हा साधारण दीड मीटर असतो. म्हणजे तीन मीटरच्या टार्पला मध्ये जोड आलाच, आणि तो नेमका दोरावर, सगळ्यात ताणलेल्या जागी येतो. सुती ताडपत्रीत धागा भिजून फुगतो, भोकं आपसूक बुजतात. पॉलिएस्टरचा धागा फुगत नाही, त्यामुळे सुईचं भोक उघडंच राहतं. वर या कापडाला चिकटपट्टीही धरत नाही. सिलिकॉनला सिलिकॉनच चिकटतं.

माझ्या टार्पच्या शिवणी मी मे महिन्यातच गच्चीवर सिलिकॉनने बुजवून घेतल्या होत्या. खिडकीच्या काचेला लावतात ती शुद्ध सिलिकॉनची ट्यूब आणि रंगाच्या दुकानातलं मिनरल टर्पेंटाइन. अॅक्रिलिकची ट्यूब घेऊ नका, ती पापुद्र्यासारखी सुटते. सिलिकॉनच्या एका भागाला अडीच भाग टर्पेंटाइन घालून कढीइतकं पातळ होईपर्यंत घोटायचं. हे उघड्यावरच, आणि गॅसपासून लांब. टार्प ताणून बांधायचा, म्हणजे भोकं उघडतात आणि द्रव आत शिरतो. मग बाहेरच्या बाजूने ब्रश टाक्यांवर दाबत न्यायचा. जाड थर देण्यात अर्थ नाही, जादाचं फडक्याने टिपून घ्यावं. कोपऱ्यांतल्या दोर बांधायच्या पट्ट्यांचे टाके विसरले जातात, तेही भरायचे. रात्रभर वाळू द्यायचं आणि घडी घालण्याआधी टाल्कम पावडर भुरभुरायची, नाहीतर घड्या एकमेकींना धरतात.

ओल्या कापडावर यातलं काहीच चालत नाही. म्हणून मित्राच्या टार्पचं एक टोक हातभर खाली उतरवलं. थेंब मध्येच गळायचे थांबले आणि शिवणीच्या कडेने ओघळत टोकाशी पडू लागले. झोपायची जागा तेवढी गळतीतून सुटली.

पहाटे माझ्याही टार्पच्या आतून ओल होती आणि मित्राला जरा बरं वाटलं. पण ती सगळ्या कापडावर सारखी पसरलेली होती, बोट फिरवलं की पुसली जाणारी. गळती शिवणीच्या रेषेत येते. ही पाण्याकाठच्या दमट हवेची ओल. तिला सिलिकॉनचा उपयोग नाही. काठापासून आणखी लांब आणि जरा वारा खेळेल असं बांधायचं, एवढंच.