आमची वाटचाल : कान देऊन ऐकणाऱ्यांसाठी रेडिओ

आमची संस्था तिघांची. डिजिटल आणि इंटरनेट रेडिओसाठी आम्ही मालिका तयार करतो, प्रत्येक मालिका एकाच छंदाला किंवा एकाच कसबाला वाहिलेली, आणि त्यांच्या प्रसारणाचे हक्क वेगवेगळ्या केंद्रांना देतो. स्वतःचं केंद्र काढायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं होतं. केंद्र म्हटलं की चोवीस तास भरावे लागतात, आणि मग हाताशी असेल ते वाजवलं जातं.

एफएमवर एका फ्रिक्वेन्सीवर एकच कार्यक्रम चालतो, म्हणून सगळ्यांना चालेल असाच तो लागतो. डॅबच्या, म्हणजे हवेतून होणाऱ्या डिजिटल रेडिओ प्रसारणाच्या, एका मल्टिप्लेक्सवर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवरच्या सामायिक प्रवाहात, अनेक वाहिन्या मावतात. इंटरनेटवर तर फ्रिक्वेन्सीचा प्रश्नच नाही. बीबीसीने २००२ साली सुरू केलेली ६ म्युझिक ही डिजिटल वाहिनी बंद करण्याचा प्रस्ताव २०१० मध्ये आला, तेव्हा श्रोते असे एकवटले की त्याच वर्षी तो फेटाळला गेला. मोजक्या लोकांचा जिव्हाळा केवढा भक्कम असतो, हे आम्ही त्या घटनेतून घेतलं.

आमची पहिली मालिका लंबकाच्या घड्याळांवर होती. विषय जरा मोठा करा, ‘जुन्या वस्तू’ असं काहीतरी करा, असं एका केंद्राने सुचवलं. आम्ही ठाम नकार दिला. जुन्या वस्तूंबद्दल सगळ्यांनाच थोडं ऐकायला आवडतं, पण त्यासाठी कुणी वेळ राखून ठेवत नाही. शिवाय घड्याळ हा मुळातच कानाचा विषय आहे. लंबक दोन्ही बाजूंना सारखा चालत नसेल तर टिक आणि टॉक यांमधलं अंतर कमी-जास्त होतं. जाणकार घड्याळजी ते नुसतं ऐकून ओळखतो आणि दोन्ही ठोके समान होईपर्यंत घड्याळ जुळवत राहतो. हे जुळवणं आम्ही एका भागात सलग ऐकवलं, वर निवेदन न घालता. त्या भागाचा मला आजही अभिमान आहे.

तो भाग श्रोत्यापर्यंत नीट पोहोचवणं मात्र जिकिरीचं होतं. कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा वापरून, आवाजाची फाइल लहान केली की सगळ्यात आधी बिघडतात ते असेच तीक्ष्ण, क्षणिक आवाज. ठोक्याच्या आधीच त्याची अस्पष्ट सावली ऐकू येते, कडा बोथट होतात. म्हणून प्रत्येक भाग आम्ही केंद्राच्या सर्वांत कमी बिटरेटवर, फोनच्या स्पीकरवर ऐकतो आणि मगच अंतिम मिश्रण ठरवतो. मायक्रोफोन घड्याळाच्या किती जवळ ठेवायचा, हेसुद्धा या ऐकण्यावरून ठरलं.

व्यवहाराचं गणितही वेगळं आहे. मनोऱ्यावरून होणाऱ्या प्रसारणात श्रोते वाढले म्हणून खर्च वाढत नाही. इंटरनेटवर प्रत्येकाला स्वतंत्र स्ट्रीम जातो : ६४ केबीपीएसने (सेकंदाला ६४ किलोबिट) तासाला सुमारे २९ एमबी, म्हणजे हजार श्रोत्यांना तासाभरात जवळपास २९ जीबी. चुकून आलेल्या मोठ्या गर्दीपेक्षा ठरवून येणारा, शेवटपर्यंत थांबणारा श्रोता केंद्राला परवडतो. श्रोता कधी जोडला गेला आणि कधी निघून गेला, हे सर्व्हरच्या नोंदींत दिसतं. करार करताना आम्ही त्याच नोंदी समोर ठेवतो.

हक्कांच्या बाबतीत आम्ही काटेकोर आहोत. मालिकेचे हक्क आमच्याकडेच राहतात आणि एकाच केंद्राला ते कायमचे दिले जात नाहीत. शीर्षक संगीत स्वतः करून घेतो. बाहेरचं गाणं वापरलं, तर थेट प्रसारणाची परवानगी एक आणि नंतर हवं तेव्हा ऐकण्याची दुसरी, असा घोळ होतो. आमच्यासारख्या मालिका तर लोक वर्षांनंतरही शोधून ऐकतात.

सध्या पियानो सुरात लावणाऱ्या कारागिरांवर काम चालू आहे. दोन तारा जवळजवळ जुळल्या की आवाज लाटेसारखा कमी-जास्त होतो, आणि जुळत येताना ती लाट संथ होत होत थांबते. हे थांबणं पूर्ण ऐकू यावं म्हणून भागांची लांबी आम्ही ठरावीक ठेवलेली नाही. वेळापत्रकात बसवायला ते अवघड आहे, तरी दोन केंद्रांनी त्याला होकार दिला आहे.